उंच व्यक्तींसाठी कॅम्पिंगचा हॅमॉक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहा फुटांपेक्षा, म्हणजे १८३ सेंटिमीटरपेक्षा अधिक उंची असलेल्या व्यक्तीला बाजारात सहज मिळणाऱ्या बहुतेक हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायच्या झोळीत, दुपारची डुलकी काढता येते, पण रात्रभराची झोप मिळत नाही. मान आखडते, गुडघे उलट्या बाजूला ताणले जातात, पहाटेपर्यंत पोटऱ्या दुखू लागतात, आणि मग ‘हॅमॉक आपल्यासाठी नाहीच’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष हॅमॉक या प्रकाराचा नसतो, तो कापडाच्या अपुऱ्या लांबीचा असतो. पुढील उत्तरांत हिशेबासाठी १८८ सेंटिमीटर (६ फूट २ इंच) उंचीची आणि ९० किलो वजनाची व्यक्ती गृहीत धरली आहे. वेगळा उल्लेख नसेल तेथे हॅमॉक म्हणजे दोन्ही टोकांना कापड चुणून एकत्र बांधलेला, दांडे नसलेला साधा प्रकार समजावा.

उंच व्यक्तीसाठी हॅमॉकची लांबी किती असावी?

कापडाची लांबी किमान ११ फूट, म्हणजे सुमारे ३३५ सेंटिमीटर असावी. उंचीच्या साधारण पावणेदोन ते १.८ पट लांबी हा ढोबळ नियम धरला, तर १८८ सेंटिमीटरच्या व्यक्तीसाठी उत्तर ३३० ते ३४० सेंटिमीटरच्या दरम्यान येते. ट्रेकिंगच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळणारे स्वस्त हॅमॉक बऱ्याचदा २६० ते २८० सेंटिमीटरचे असतात. १० फुटी हॅमॉक साडेपाच-पावणेसहा फुटांच्या व्यक्तीला उत्तम आहे. सहा फुटांची व्यक्तीही त्यात जमवून घेऊ शकते, परंतु त्यापुढच्या उंचीला तो तोकडा पडतो.

येथे दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली म्हणजे, वर्णनात दिलेल्या लांबीत काही वेळा टोकांचे दोर किंवा फासे धरलेले असतात. म्हणून विक्रेत्याला ‘एकूण लांबी’ न विचारता एका चुणीपासून दुसऱ्या चुणीपर्यंत केवळ कापड किती आहे, हे विचारावे. दुसरी म्हणजे वजनाची भीती. प्रति चौरस मीटर सुमारे ५४ ग्रॅमचे नायलॉन आणि दीड मीटर पन्हा धरला, तर १० फुटी हॅमॉकचे कापड सुमारे २५० ग्रॅम भरते आणि ११ फुटी हॅमॉकचे सुमारे २७० ग्रॅम. वीस-पंचवीस ग्रॅम वाचवण्यासाठी आखूड हॅमॉक घेणे हा शहाणपणाचा सौदा नव्हे.

१२ फुटी हॅमॉकही मिळतात. साडेसहा फुटांच्या जवळपास उंची असेल तर त्यांचा विचार करावा. अन्यथा घेऊ नयेत, कारण त्यांच्यासाठी झाडे अधिक लांबची शोधावी लागतात, झाडांना गुंडाळायचे पट्टे अधिक उंचावर बांधावे लागतात आणि टार्प, म्हणजे वर ताणायचे कापडी छतही मोठे लागते.

‘दोन व्यक्तींसाठी’ असे लिहिलेला हॅमॉक घेतला तर चालेल का?

हा सर्वांत जास्त फसवणारा शब्दप्रयोग आहे. अशा हॅमॉकची रुंदी वाढवलेली असते, मात्र लांबी पुष्कळदा तितकीच ठेवलेली असते. रुंदी वाढल्याने उंच माणसाचे पाय सामावत नाहीत. उलट जादा कापड तोंडावर येऊन फडफडत राहते. दीड मीटर रुंदी बहुतेकांना पुरते. खांदे रुंद असतील किंवा पूर्ण तिरके झोपण्याची सवय असेल, तर १६५ ते १७० सेंटिमीटर रुंदी घ्यावी. दोन मीटर रुंदीचा आणि पावणेतीन मीटर लांबीचा हॅमॉक दोघांना बसून गप्पा मारण्यासाठी ठीक आहे. एका उंच माणसाच्या झोपेसाठी तो घेऊ नये.

हॅमॉकमध्ये सरळ झोपावे की तिरके?

तिरकेच झोपावे, हॅमॉकच्या आरामाचे जवळजवळ सगळे मर्म यात आहे. दोन टोकांना जोडणाऱ्या मध्यरेषेवर सरळ आडवे झाल्यास शरीराचा मधला भाग खाली जातो, डोके आणि पाय वर उचलले जातात आणि कंबर वाकलेल्या अवस्थेतच रात्र काढावी लागते. डोके मध्यरेषेच्या एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला असे २० ते ३० अंश तिरके झाल्यास कापड शरीराखाली पसरते आणि पाठ बरीचशी सपाट होते. मेक्सिकोच्या युकातान भागात आणि ब्राझीलच्या ईशान्य भागात, जेथे हॅमॉक हे घरातले रोजचे अंथरूण आहे, तेथे लोक असेच तिरके झोपतात.

उंच व्यक्तीची अडचण याच ठिकाणी सुरू होते. २५ अंश तिरके झोपले तरी १८८ सेंटिमीटरचे शरीर मध्यरेषेच्या दिशेने सुमारे १७० सेंटिमीटर जागा घेते. आखूड हॅमॉकमध्ये ही जागा संपते तेथे कापड टोकाकडे निमुळते होऊ लागलेले असते. त्यामुळे पाय काठावर आदळतात, खांदे दोन्ही बाजूंनी आवळले जातात आणि झोपलेली व्यक्ती नकळत घसरत पुन्हा मध्यरेषेवर येते. तिरके झोपण्याचा सल्ला ऐकूनही ज्यांना फरक जाणवत नाही, त्यांच्या बाबतीत बहुधा हेच घडत असते.

काही हॅमॉक मुळातच एका बाजूला तिरके झोपण्यासाठी शिवलेले असतात. हेनेसी कंपनीचे असममित आकाराचे हॅमॉक किंवा पायांसाठी वेगळा खण शिवलेला वॉरबॉनेट कंपनीचा ब्लॅकबर्ड ही याची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. ब्लॅकबर्डची एक्सएलसी ही आवृत्ती ११ फुटी आहे. असा हॅमॉक घेण्यापूर्वी आपल्याला डोके कोणत्या बाजूला आणि पाय कोणत्या बाजूला ठेवून चांगली झोप लागते, हे साध्या हॅमॉकमध्ये आजमावून पाहावे.

पोटऱ्यांखाली कापडाची ताठ कड रुतते. ती कशी टाळावी?

दोन टोकांमधला सर्वाधिक ताण हॅमॉकच्या मध्यरेषेवरून जातो. आपण तिरके झोपलो की पाय ही रेषा ओलांडतात आणि तेथे कापडाचा ताठ उंचवटा पोटरीला किंवा गुडघ्याच्या मागच्या बाजूला लागतो. पाय जितके लांब, तितकी ही तक्रार जास्त.

उपाय पुढील क्रमाने करून पाहावेत. हॅमॉक ताणून बांधला असल्यास तो सैल करावा, कारण पुरेसा झोल नसणे हेच बहुधा मूळ कारण असते. त्यानंतर पायांकडचे टोक डोक्याकडच्या टोकापेक्षा १५ ते २० सेंटिमीटर उंच बांधावे. शरीराचा जड भाग कमरेच्या वर असल्यामुळे दोन्ही टोके समान उंचीवर बांधली तर माणूस पायांकडे घसरतो आणि पाय निमुळत्या भागात अडकतात. तरीही गुडघे ताणले जात असतील, तर त्यांच्याखाली गुंडाळलेले जाकीट ठेवावे. एवढे करूनही कड जात नसेल तर हॅमॉक आखूड आहे, असे समजावे.

रिजलाइन म्हणजे काय आणि ती आवश्यक आहे का?

हॅमॉकच्या दोन टोकांना वरून जोडणारा, ठरावीक लांबीचा, न ताणला जाणारा बारीक दोर म्हणजे रिजलाइन. झाडे जवळ असोत वा दूर, पट्टे थोडे घट्ट बांधले जावोत वा सैल, रिजलाइनमुळे दोन टोकांमधले अंतर तेच राहते. म्हणून हॅमॉकला प्रत्येक मुक्कामी जवळपास सारखाच झोल मिळतो. या दोराची लांबी कापडाच्या लांबीच्या ८३ टक्के ठेवण्याचा प्रघात आहे. त्यानुसार ३०५ सेंटिमीटरच्या हॅमॉकसाठी सुमारे २५३ आणि ३३५ सेंटिमीटरच्या हॅमॉकसाठी सुमारे २७८ सेंटिमीटरची रिजलाइन लागते.

८३ टक्के ही केवळ सुरुवात आहे. थोडी आखूड केली तर झोल वाढतो आणि तिरके झोपणे सोपे होते. थोडी वाढवली तर कापड ताठ होते आणि खांदे आवळू लागतात. म्हणून लांबी कमीजास्त करता येणारी रिजलाइन घ्यावी आणि दोन-तीन सेंटिमीटरच्या फरकाने आपले माप शोधावे. उंच व्यक्तीने रिजलाइनवर केलेला खर्च मला इतर कोणत्याही उपसाधनापेक्षा अधिक सार्थ वाटतो. चष्मा, दिवा आणि पाण्याची छोटी बाटली टांगण्याची सोय होते, हा वरचा फायदा.

हॅमॉकमध्ये झोपल्यावर रिजलाइन बोटांनी थोडी पिळता किंवा वाकवता आली पाहिजे. ती तारेसारखी ताठ होत असेल तर पट्टे सैल करावेत.

पट्टे ३० अंशांत बांधावेत असे का सांगतात?

दोराचा आडव्या रेषेशी होणारा कोन जितका लहान, तितका त्यावरचा ताण मोठा. कोन ३० अंश असताना प्रत्येक पट्ट्यावर साधारण झोपणाऱ्याच्या वजनाइतकाच ताण येतो, म्हणजे आपल्या उदाहरणात ९० किलो. कोन १५ अंशांवर आला की तो सुमारे १७५ किलो होतो आणि १० अंशांवर जवळजवळ २६० किलो. हॅमॉक जमिनीला समांतर दिसावा म्हणून खेचून बांधणारे लोक आपल्या पट्ट्यांवर, शिवणीवर आणि झाडावर हा भार टाकत असतात, आणि त्यातून मिळते ती केवळ अस्वस्थ झोप. कोन मोजण्यासाठी उपकरणाची गरज नाही. अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणून अंगठा खाली व तर्जनी आडवी धरावी. पट्टा या दोन बोटांच्या टोकांना जोडणाऱ्या रेषेच्या आसपास असेल तर कोन पुरेसा जवळ आहे.

झाडांमध्ये किती अंतर असावे आणि पट्टे किती उंचीवर बांधावेत?

११ फुटी हॅमॉकसाठी झाडांमध्ये चार ते पाच मीटर अंतर सोयीचे ठरते. साडेचार मीटरवरची दोन झाडे धरली तर बैठकीची उंची ४५ सेंटिमीटर ठेवण्यासाठी पट्टे साधारण पावणेदोन ते १.९ मीटर उंचीवर बांधावे लागतात, म्हणजे ढोबळमानाने आपल्या डोक्याच्या पातळीवर. झाडांमधले अंतर वाढले की ही उंचीही वाढते. या बाबतीत उंच माणसाला हात वरपर्यंत पोहोचण्याचा फायदा आहे, तो त्याने घ्यावा.

बसल्यावर हॅमॉक खुर्चीपेक्षा उंच असू नये. पडलेच तर दोन फुटांवरून पडणे आणि चार फुटांवरून पाठीवर पडणे यात फार मोठा फरक आहे.

पट्टे किमान २.५ सेंटिमीटर रुंद असावेत. साल मऊ असेल तर चार-पाच सेंटिमीटर रुंदी बरी. नुसता बारीक दोर झाडाला बांधू नये, तो साल कापत जातो. पट्टा पॉलिएस्टरचा घ्यावा, कारण नायलॉनचा पट्टा वजनाखाली आणि दमट हवेत ताणला जातो आणि मध्यरात्री आपण जमिनीला टेकलेलो असतो.

कापड कोणते निवडावे?

रिपस्टॉप (फाट पसरू न देणाऱ्या विणीचे) नायलॉन मऊ असते आणि शरीराच्या आकाराप्रमाणे थोडे ताणले जाते, पॉलिएस्टर कमी ताणले जाते. ९० किलोच्या आसपास वजन असेल तर अतिशय पातळ कापड टाळावे. ते फाटेल म्हणून नव्हे, तर रात्रभर ताणत जाऊन कंबर खाली उतरते म्हणून. पॅराशूटचे कापड म्हणून विकले जाणारे ७० डेनियरचे (डेनियर हे धाग्याच्या जाडीचे माप) नायलॉन थोडे जड असले तरी टिकाऊ आणि अंगाला सुखद असते. पाठीखाली मॅट वापरणार असाल तर दुहेरी थराचा हॅमॉक घ्यावा, म्हणजे मॅट दोन थरांच्या मध्ये सरकवता येते. सुती दोरीचे आणि जाड सुती कापडाचे हॅमॉक घरी अंगणात छान आहेत, पण पाठीवर वाहून नेण्यासाठी जड पडतात आणि भिजले की लवकर सुकत नाहीत.

हॅमॉकमध्ये पाठीला थंडी का वाजते?

पाठीखालून हवा मोकळी वाहते, आणि स्लीपिंग बॅगचा खालचा भाग शरीराच्या वजनाने दाबला जाऊन त्यातली उब धरणारी हवा निघून जाते. त्यामुळे जमिनीवर पुरणारी स्लीपिंग बॅग हॅमॉकमध्ये पुरत नाही; तापमान २० अंशांच्या आसपास असले तरी अनेकांना पाठीला गारठा जाणवतो. भंडारदरा किंवा राजमाचीच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री याहून बऱ्याच थंड असतात.

सर्वोत्तम उपाय म्हणजे अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकच्या बाहेरून खाली टांगलेली, न दाबली जाणारी रजई. ती पूर्ण लांबीची आणि पाऊण लांबीची अशा दोन प्रकारांत मिळते. पाऊण लांबीची रजई उंच व्यक्तीच्या गुडघ्यांपर्यंतच पोहोचते, त्यामुळे पोटऱ्या आणि टाचांखाली वेगळी छोटी मॅट ठेवावी लागते. थंडीत नियमित जाणार असाल तर पूर्ण लांबीचीच घ्यावी.

अंडरक्विल्ट भारतात सहज मिळत नाही आणि महागही पडते. फोमची साधी मॅट हा स्वस्त पर्याय आहे. ती घसरते, म्हणून दुहेरी थरात ठेवावी. आणि उंच माणसासाठी १८० सेंटिमीटरची मॅट आखूड असली तरी डोक्याखाली उशी असल्याने ती खांद्यांपासून टाचांपर्यंत पुरते.

टार्प किती मोठा हवा?

टार्पची लांबी हॅमॉकच्या रिजलाइनशी ताडून पाहावी, कापडाच्या लांबीशी नव्हे. २७८ सेंटिमीटरच्या रिजलाइनवर ३३५ सेंटिमीटरचा टार्प प्रत्येक टोकाला जेमतेम २८ सेंटिमीटर पुढे येतो, तर ३६५ सेंटिमीटरचा टार्प ४३ सेंटिमीटर. कोरड्या दिवसांत पहिला पुरतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जूननंतर पाऊस आडवा येतो, तेथे दुसराच घ्यावा. आणि खरे तर मुसळधार पावसात घाटमाथ्यावर हॅमॉक टांगण्याचा हट्टच धरू नये. पट्ट्यांवरून ओघळणारे पाणी कापडापर्यंत येऊ नये म्हणून टार्पच्या आडोशाखाली प्रत्येक पट्ट्याला सुतळीचा एक तुकडा बांधावा. पाणी त्यावरून खाली गळते.

मच्छरदाणीचे काय?

हॅमॉकलाच शिवलेली मच्छरदाणी सोयीची असते, पण ती ११ फुटी मापासाठी शिवलेली आहे ना, हे पाहावे. वेगळी, संपूर्ण हॅमॉक भोवतून घेणारी जाळी असेल तर तिची लांबी किमान रिजलाइनइतकी हवी. एकेरी पातळ कापडातून डास पाठीलाही चावतात, त्यामुळे केवळ वरून झाकणारी जाळी कोकणात उपयोगाची नाही.

मला कुशीवर झोपण्याची सवय आहे. काय करावे?

लांब हॅमॉकमध्ये तिरके होऊन, गुडघे किंचित दुमडून कुशीवर झोपता येते, मात्र सर्वांनाच ते मानवत नाही. अशांसाठी ब्रिज हॅमॉक हा पर्याय आहे. त्यात डोक्याकडे आणि पायांकडे आडवे दांडे असतात, कापड लांब कडांनी पेलले जाते आणि माणूस तिरका न होता सरळ झोपतो. पाठ त्यात अधिक सपाट राहते. परंतु यात लांबी हा अक्षरशः पलंगाच्या लांबीसारखा पक्का आकडा असतो. तिरके होऊन जागा काढता येत नाही. त्यामुळे उत्पादकाने दिलेली कमाल उंची काटेकोरपणे पाहावी, तसेच डोक्याकडच्या दांड्याची रुंदी खांद्यांना पुरते का हेही पाहावे. दांड्यांमुळे वजन वाढते, आणि चढता-उतरताना तो साध्या हॅमॉकपेक्षा लवकर कलंडतो.

नॉर्वेच्या अमोक कंपनीचा ड्राउमर हा आणखी वेगळा प्रकार आहे. त्यात माणूस दोन झाडांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात, हवा भरलेल्या मॅटवर झोपतो. तेथे आरामाचा प्रश्न मॅटच्या लांबीवर येऊन ठेपतो.

बागेत दिसणारे, लाकडी दांड्यांचे जाळीदार हॅमॉक कॅम्पिंगसाठी घेऊ नयेत.

वजनक्षमता किती असावी?

आपल्या वजनाच्या दुप्पट क्षमता लिहिलेला हॅमॉक घ्यावा आणि पट्टे व कॅराबिनर (हॅमॉक पट्ट्याला अडकवण्याची धातूची कडी) यांची क्षमताही स्वतंत्रपणे तपासावी. किल्ल्या अडकवण्यासाठी विकले जाणारे शोभेचे कॅराबिनर वापरू नयेत. मोठी वजनक्षमता म्हणजे आराम नव्हे. २०० किलो पेलणारा आखूड हॅमॉक उंच माणसासाठी आखूडच राहतो.

महाराष्ट्रात हॅमॉक कोठे टांगता येतो?

गडांच्या माथ्यावर हॅमॉकची योजना सहसा फसते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याजवळ किंवा तशाच उघड्या पठारांवर सोयीच्या अंतरावरची दणकट झाडे नसतात आणि वाराही फार असतो. लेण्यांच्या किंवा मंदिरांच्या कोरीव खांबांना पट्टा बांधणे सर्वस्वी चुकीचे आहे. पायथ्याच्या गावांतली शेते, आमराया आणि परवानगी असलेल्या कॅम्पच्या जागा यांचा विचार करावा. भीमाशंकर किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड यांसारख्या अभयारण्यांत वनविभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम करू नये.

कोकण किनाऱ्यावर काशिद किंवा केळवे येथील सुरूच्या बनांत झाडांमधले अंतर अनेकदा हॅमॉकला साजेसे सापडते; स्थानिक नियम विचारून घ्यावेत आणि वाळूत मुळे उघडी पडलेले, कललेले झाड टाळावे. माडाच्या वाडीत फोटो सुंदर येतात, पण वरून नारळ किंवा झावळी पडण्याचा धोका खरा आहे. नुकतेच नारळ पाडून घेतलेली वाडी असेल तरच तेथे टांगावे. आंब्याच्या झाडावर पाने चिकटवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या आहेत का, हे बांधण्यापूर्वी पाहावे. झाड कोणतेही असो, बुंधा किमान १५ ते २० सेंटिमीटर जाड व जिवंत असावा आणि वर वाळलेली फांदी अडकलेली नसावी.

घरी बांधून पाहता येईल का?

अवश्य पाहावे, पण कोठे बांधतो याचा विचार करून. ३० अंशांच्या कोनात ९० किलोची व्यक्ती प्रत्येक आधाराला सुमारे ७८ किलोच्या बळाने आडवे खेचते. गॅलरीचा कठडा आणि नुसत्या विटांचा खांब असे आडवे बळ सहन करण्यासाठी बांधलेले नसतात. विटांचा खांब अंगावर कोसळण्याचा धोका गंभीर आहे. काँक्रीटच्या खांबात किंवा तुळईत योग्य अँकर बोल्ट बसवून घ्यावेत. शक्यतो मोकळ्या जागेतली दोन झाडेच शोधावीत आणि किमान दोन तास आडवे पडून पाहावे, कारण पोटरीची कड पहिल्या दहा मिनिटांत जाणवत नाही.

आधीच घेतलेला आखूड हॅमॉक वाया गेला का?

नाही. दुपारी खुर्चीसारखे बसण्यासाठी, मुलांसाठी किंवा मुक्कामात सामान जमिनीपासून वर ठेवण्यासाठी तो उपयोगी आहे. टोकांचे दोर वाढवून त्याची लांबी वाढत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

नवा विकत घेण्याऐवजी शिवून घेण्याचा मार्गही आहे. दीड मीटर पन्ह्याचे रिपस्टॉप नायलॉन साडेतीन मीटर घेतले, की लांब कडांना दुहेरी दुमड आणि दोन्ही टोकांना दोर जाईल असा चार सेंटिमीटरचा नेफा घालून ३३५ सेंटिमीटरच्या आसपासचा हॅमॉक तयार होतो. शिंप्याला पॉलिएस्टरचा मजबूत धागा वापरण्यास आणि नेफ्यावर तीन ओळींची शिवण घालण्यास सांगावे. पहिल्यांदा बसताना तो जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधावा, खाली जाड गादी ठेवावी आणि वजन हळूहळू टाकत शिवण उसवते का ते पाहावे.